दुसरी किल्ली कुणाकडे आहे?

मिरज, रविवार

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो आई, हो आई" म्हणतेस आणि विषय संपतो, म्हणून लिहायला बसले. शनिवारी रात्रीपासून अंगात १०२ ताप आणि आम्हाला कळलं बुधवारी, तेही 'आता बरी आहे' म्हणून. बाबा काहीच बोलले नाहीत. उठून गच्चीवर गेले.

रागवायचं नाही असं ठरवलंय.

पण घरात पॅरासिटामॉलची एक पट्टी नसावी? तिथे जर्मनीत ती किराणा दुकानात मिळत नाही, औषधांच्या दुकानातच मिळते आणि रविवारी पाळीचं एखादंच दुकान उघडं असतं, हे तूच मला सांगितलंस. मग तापात, थंडीत, एकटी ट्रामने गेलीस. त्या इमारतीत आठ घरं आहेत. एकाही दाराची बेल वाजवावीशी वाटली नाही? "रविवारी इथे कुणाला त्रास देत नाहीत," म्हणालीस. रविवारची विश्रांती त्यांच्या घटनेतच लिहिलेली आहे, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, काचेच्या बाटल्याही डब्यात टाकायच्या नाहीत, हे सगळं मला पाठ झालंय. पण तापात गोळी मागणं म्हणजे खिळा ठोकणं नाही गं.

तू चौथीत होतीस तेव्हा तुला टायफॉइड झाला. बाबा लातूरला होते. सकाळी आठपर्यंत दुधाची पिशवी दाराच्या कडीलाच लटकलेली पाहिली आणि शेजारच्या देशपांडे वहिनी त्यांच्याकडे ठेवलेल्या आपल्या किल्लीने दार उघडून थेट आत आल्या. मी रात्रभर जागून तुझ्या उशाशीच झोपले होते. त्यांनी पेज केली, दादाचा डबा भरला, दुपारी रिक्षा आणली. तुला आठवत नसेल. तुला त्यांचं न विचारता स्वयंपाकघरात शिरणंच आठवतं, आणि पुढे "लग्नाचं काय?" विचारणं.

तेही खरं आहे. तिथे तुला कुणी असलं काही विचारत नाही, म्हणून तू मोकळी झालीस. आजारी पडलीस तर सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मिळतो, आणि साहेबांनी "झोपून राहा, मेल बघू नकोस" असं कळवलं, हे ऐकून मला फार बरं वाटलं. दादा डेंग्यूत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. माझी मुलगी अशा ठिकाणी स्वतःच्या हुशारीवर पोचली, हे मी सगळ्यांना सांगते.

पण किल्ली? दुसरी किल्ली तुझ्याच टेबलाच्या खणात आहे ना? तू आत पडलीस तर ती काय कामाची?

बघ, पुन्हा तेच. उपदेश नको होता, माफ कर. एवढं एकच ऐक. तुमच्याकडे श्टुटगार्टला जिना झाडायची पाळी असते, आणि आपली झाली की पुढच्याच्या दारावर पाळीची पाटी लावायची, असं म्हणाली होतीस. पहिल्याच आठवड्यात खालच्या आजींनी कठड्यावरून बोट फिरवून तुला धूळ दाखवली आणि तू रडवेली झाली होतीस. मला त्या बाई तेव्हाच आवडल्या. जी बाई कठड्यावरची धूळ बघते, तिला तुझं दार दोन-तीन दिवस उघडलं नाही हे कळलं नसेल का? ती विचारत नाही, कारण तू बोलावलेलं नाहीस. पुढच्या वेळी त्यांच्या दारावर पाटी नुसती लावून वर पळू नकोस. बेल वाजव. "मी एकटी असते, एक किल्ली तुमच्याकडे ठेवाल का?" एवढंच विचार. नाही म्हणाल्या तर दुसरं दार आहे.

तिकडचा ११२ आणि सुट्टीतल्या डॉक्टरांचा ११६११७, दोन्ही नंबर बाबांनी कालनिर्णयवर लिहून ठेवलेत. इथून फिरवले तर ते तिकडे लागत नाहीत हे त्यांना माहीत आहे. साडेअकरा वाजून गेले, म्हणजे तुझ्याकडचे सात, आणि तू ऑनलाइन दिसली नाहीस, की ते कॅलेंडरपाशी जाऊन उभे राहतात. मी भाजी निवडत बसते आणि त्यांच्याकडे बघत नाही.

किल्ली कुणाला दिलीस ते कळव. नाव आणि फोन नंबरही.

तुझी,
आई

ता. क. मेतकूट आणि सुंठपूड पाठवतेय. आजींसाठी तिळाच्या वड्या वेगळ्या बांधल्या आहेत, त्यात शेंगदाणे घातलेले नाहीत. त्यांना चालतात की नाही ते आधी विचार.