जॅझच्या जुन्या तबकड्या दिवाळीच्या साफसफाईत टाकू नका

संपादक महोदय,

पितृपक्ष संपला की घराघरांत दिवाळीची आवराआवर सुरू होईल. माळ्यावरच्या पेट्या खाली येतील आणि रामबाग, नारायण बागेकडच्या जुन्या घरांतून त्या पेट्यांत ग्रामोफोनच्या तबकड्याही निघतील. बालगंधर्वांच्या, लताबाईंच्या तबकड्या लोक जपून बाजूला ठेवतात. इंग्रजी नावाच्या मात्र ‘या कसल्या बाजाच्या’ म्हणत रद्दीवाल्याला किलोवर दिल्या जातात, नाहीतर सकाळच्या कचरागाडीत सुक्या कचऱ्याच्या बाजूला जातात. काही ठिकाणी त्या शोभेसाठी भिंतीला खिळे मारून लावलेल्या दिसतात, ओव्हनमध्ये तापवून त्यांच्या वाट्याही केल्या जातात. आम्ही इंदुरात जॅझ ऐकणारे आणि जमवणारे मोजके लोक आहोत. ही पेटी टाकण्याआधी एकदा उघडून बघा, एवढीच विनंती करण्यासाठी आणि बघायचे काय, धुवायचे कसे, वाजवायचे कशावर, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आधी तबकडी कोणती ते ओळखा. जड, कडक, टिचकी मारली की बशीसारखा आवाज देणारी ती लाखेची, मिनिटाला 78 फेऱ्यांची. 10 इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे संगीत मावते. हलकी, थोडी वाकणारी ती व्हिनाइलची एलपी, 33⅓ फेऱ्यांची. ही 1948 साली अमेरिकेत आली. लाखेच्या तबकड्या आपल्याकडे मात्र कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात त्यानंतरही बरीच वर्षे निघत होत्या.

लेबलावर ‘फॉक्सट्रॉट’ असे छापलेले दिसले तर ‘नाचाचे संगीत’ म्हणून टाकू नका, वादकांची नावे वाचा. क्रिकेट स्मिथ हे नाव आणि ‘रेक्स’चे लेबल दिसले तर ती 1936 साली मुंबईत ध्वनिमुद्रित झालेली तबकडी असण्याची शक्यता आहे. हा अमेरिकन ट्रंपेटवादक तेव्हा ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. ‘कोलंबिया’च्या लेबलावर टेडी वेदरफर्ड दिसला, तर तो शिकागोत नाव कमावून आशियात आलेला पियानोवादक. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याने कलकत्त्यात बरेच ध्वनिमुद्रण केले आणि 1945 साली तिथेच पटकीने तो गेला. चिक चॉकलेट हे नाव दिसले तर ते गोव्याचे अंतोनियो झेवियर वाझ. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’मधला जो ठेका आणि ट्रंपेट आपल्या आई-वडिलांना पाठ आहे, त्यामागे हेच वादक होते. या मंडळींच्या मूळ तबकड्या आता जगभर शोधल्या जातात. महूची जुनी ब्रिटिश लष्करी छावणी आपल्या शेजारीच, त्यामुळे असल्या नाचाच्या संगीताच्या पेट्या इकडे निघणे अजिबात अशक्य नाही.

पुढच्या काळातल्या एलपींपैकी तीन आवर्जून बघा. अमेरिकन पियानोवादक डेव्ह ब्रूबेक 1958 साली भारतात येऊन गेला, त्या दौऱ्यावरची ‘जॅझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया’. तिकडचाच वाद्यवृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टन 1963 साली आला, त्यातून पुढे निघालेली ‘फार ईस्ट स्वीट’. आणि 1968 सालची शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’, जिच्यात अकरा राग सॅक्सोफोन, ट्रंपेट, ड्रम आणि रईस खाँच्या सतारीवर बांधलेले आहेत. हिची मूळ प्रत चांगल्या स्थितीत असेल तर किलोवर विकणे म्हणजे सोन्याचा दागिना भंगारात घालणे.

‘पण आम्हाला जॅझ कळत नाही’ असे म्हणणाऱ्यांना एक सांगायचे आहे. उस्ताद अमीर खाँ साहेबांचा संथ मारवा ज्या शहराने शांतपणे बसून ऐकला, त्या शहराच्या कानाला हे अवघड नाही. ब्लूजचा, म्हणजे जॅझच्या मुळाशी असलेल्या गीतप्रकाराचा, साधा आराखडा बारा बारचा असतो, प्रत्येक बारमध्ये चार मात्रा. म्हणजे 48 मात्रा, तीनतालाची बरोबर तीन आवर्तने. मांडीवर टाळी-खाली धरत ऐका. दर तिसऱ्या आवर्तनानंतरच्या समेवर वादक नवी फेरी सुरू करताना दिसेल. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या 1959 सालच्या ‘काइंड ऑफ ब्लू’मधली पहिली रचना घ्या. सोळा बार काफीचे स्वर, गंधार-निषाद कोमल. मग आठ बार सगळा षड्जच अर्ध्या स्वराने वर सरकतो आणि शेवटचे आठ बार पुन्हा मूळ जागी. तो सरकण्याचा क्षण एकदा कानात बसला की पुढचे सगळे उलगडते. याच तबकडीची एक गंमत जमवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. ध्वनिमुद्रणाच्या वेळी एक टेपयंत्र हळू चालत होते, त्यामुळे जुन्या प्रतींत पहिली बाजू किंचित चढी वाजते. हे 1992 साली दुरुस्त केले गेले. जुनी प्रत हार्मोनियमच्या पट्टीशी जुळली नाही तर आपल्या यंत्राला दोष देऊ नका.

आता धुणे. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते, म्हणून हे जरा सविस्तर. लाखेच्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर, काच पुसायचे द्रव यांतले काहीही लावू नका. सुतार चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतो ना, तीच ही लाख. एका बोळ्यात तिच्या खाचांची धार जाते, तबकडी मंद पांढरट होते आणि त्यावर इलाज नाही. लाखेसाठी एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब पुरतात. मऊ केसांचा ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, आडवा कधीच नाही. लेबलाला पाणी लागू द्यायचे नाही आणि तबकडी पाण्यात भिजत ठेवायची नाही. काही तबकड्यांच्या पोटात पुठ्ठ्याचा थर असतो, कडेला बारीक चीर असेल तर पाणी आत शिरून थर फुगतो. मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने ब्रश मारून साबण काढायचा आणि ताटाळ्यात उभी करून पंख्याखाली वाळवायची, उन्हात नाही. व्हिनाइलची पद्धत तीच. फक्त तेलकट बोटांचे डाग असतील तर पाण्यात पाचव्या हिश्श्यापर्यंत आयसोप्रोपिल चालते. शेवटच्या धुण्याला नळाचे पाणी वापरू नका. ते वाळले की क्षार खाचेत राहतात आणि मग सुई प्रत्येक कणावर टिकटिक करते. चकाकी यावी म्हणून तेलाचा हात फिरवलेली तबकडी विकायला येते, तीही आधी धुवावी लागते, कारण तेलात धूळ रुतते.

पावसाळ्यानंतर बऱ्याच तबकड्यांवर राखाडी ठिपके दिसतात. ती बुरशी. घरात झटकू नका. तोंडाला मास्क बांधून गच्चीत कोरड्या ब्रशने काढा, मग धुवा. जुने कागदी पाकीट फेकून नवे घाला, नाहीतर बुरशी तिथूनच पुन्हा चढते. बाहेरच्या कव्हरवरचा मजकूर मात्र कधीही फेकू नका. वादकांची नावे, तारखा त्यावरच असतात.

वाजवण्याबद्दल. एलपी कधीही चावीच्या बाजावर, म्हणजे जुन्या ग्रामोफोनवर, लावू नका. लोखंडी सुई आणि तिच्यावरचे साउंडबॉक्सचे वजन एका फेरीत खाच खरवडून काढते. उलट, एलपीच्या बारीक सुईने 78 वाजवली तर सुई खाचेच्या तळाशी घसरते आणि ऐकू येतो नुसता खरखराट. लोक समजतात तबकडी गेली. 78 साठी साधारण 3 मिलची, म्हणजे 75 मायक्रॉनच्या आसपास टोकाची वेगळी सुई लागते, एलपीला 0.7 मिलची. आता मिळणाऱ्या काही काडतुसांना (कार्ट्रिज, म्हणजे दांड्याच्या टोकाचा सुई बसवायचा भाग) दोन्ही सुया बसतात. ऑडिओ-टेक्निकाचे व्हीएम95 घेतले तर एलपीच्या साध्या सुईला 2 ग्रॅम आणि 78 च्या सुईला 5 ग्रॅम वजन द्यायचे. हे वजन अंदाजाने नको. छोटा डिजिटल काटा घ्या. हलकी सुई भल्याची असे वाटते, पण कमी वजनाने सुई खाचेत उड्या मारते आणि जड सुईपेक्षा जास्त नुकसान करते. चावीच्या बाजावर 78 लावणार असाल तर लोखंडी सुई दर बाजूला नवी.

आवाज बारीक, पत्र्यासारखा, खर्ज नसलेला येत असेल तर टर्नटेबल आणि अ‍ॅम्प्लिफायरमध्ये फोनो प्रीअँप (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवून त्यातला खर्ज भरून काढणारे छोटे यंत्र) नाही. भुणभुण येत असेल तर टर्नटेबलची बारीक अर्थवायर अ‍ॅम्प्लिफायरच्या स्क्रूला जोडली नसेल. जुन्या वाड्यांत भिंतीतलेच अर्थिंग नसते, तेही तपासून घ्या.

अमेरिकेतल्या मुलाने आणलेले टर्नटेबल ही इंदूरची नेहमीची अडचण. 110 चा ट्रान्सफॉर्मर जोडला की काम झाले असे वाटते. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, विजेची सायकल (हर्ट्झ) नाही. तिकडे 60 सायकल, इकडे 50. जुन्या धाटणीची मोटर असेल तर तबकडी 33 ऐवजी जेमतेम 28 फेऱ्या घेते आणि सगळे संगीत हार्मोनियमवर तीन पट्ट्यांहून थोडे जास्त खाली उतरते. त्या मोटरला 50 सायकलची पुली किंवा वेगळा स्पीड कंट्रोल लागतो. वेग तपासायची ठिपक्यांची चकती घ्याल तीही 50 सायकलची, 33⅓ ला 180 रेघांची. 216 रेघांची अमेरिकन चकती इथे उपयोगाची नाही. आणि ती जुन्या ट्यूबलाइटखाली बघा. बऱ्याच एलईडीच्या उजेडात रेघा स्थिर होतच नाहीत.

विकत घेणाऱ्यांसाठी थोडे. तबकडी दिव्याखाली तिरकी धरा. दिसणारी पण नखाला न लागणारी ओरखड बहुधा वाजत नाही, नखाला लागणारी प्रत्येक फेरीला वाजते. मधल्या भोकाभोवती रुपेरी रेषांचे जाळे असेल तर तबकडी खूप वाजली आहे. बाजूच्या शेवटच्या दोन इंचांत ट्रंपेट चिरकतो का ते ऐका, झीज तिथे आधी कळते. पियानोचा लांब स्वर हेलकावत असेल तर भोक मध्यावर नाही. तबकडी फिरताना सुईचा दांडा डावीउजवीकडे झुलताना दिसेल. ‘ब्लू नोट’ या अमेरिकन जॅझ कंपनीची मूळ प्रत म्हणून मोठी किंमत सांगितली तर निळ्या-पांढऱ्या लेबलावर भुलू नका. लेबल आणि खाचा यांच्यामधली गुळगुळीत पट्टी बघा. ध्वनिमुद्रक व्हॅन गेल्डर यांचे नाव किंवा आद्याक्षरे आणि 1966 पर्यंतच्या छपाईत कानासारखी छोटी वळणदार खूण तिथे कोरलेली असते.

ठेवताना तबकड्या उभ्याच, पुस्तकांसारख्या, पण कलत्या नकोत. शंभर एलपींचे वजन कव्हरांसकट पंचवीस किलोच्या घरात जाते. म्हणून फळी 18 मिलिमीटर प्लायची आणि दर फुटाला उभा आडोसा. चुरचुरणाऱ्या जाड पारदर्शक पीव्हीसी कव्हरांनी वर्षांनुवर्षांत एलपीवर धुरकट थर येतो, साधे पॉलिथिन बरे. पश्चिमेची भिंत, गच्चीची खोली आणि वैशाखातली बंद गाडी या तीन जागा टाळा. व्हिनाइल तिथे एका दुपारी पिळवटते.

फुटलेली लाखेची तबकडीही लगेच टाकू नका. फेव्हिकॉल किंवा सेलोटेप खाचांवर लावू नका. दोन्ही तुकडे मध्ये मऊ कागद घालून एकाच पाकिटात ठेवा आणि लेबलावरचा व गुळगुळीत पट्टीवरचा, असे दोन्ही नंबर पाकिटावर लिहा. दुसऱ्या कुणाकडे तीच तबकडी धड असेल तर तुमच्या तुकड्यांवरून ध्वनिमुद्रण तेच की वेगळे, हे जुळवता येते. वेगळे असेल तर तुकडे जोडून, टिकटिक संगणकावर काढून, ती तीन मिनिटे परत मिळवता येतात.

आपले,
इंदुरातील काही जॅझप्रेमी वाचक