रातांधळेपणा दर वेळी गाजराने जात नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत रातांधळेपणावर गाजर, पपई आणि अ-जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुचवल्या आहेत. कुपोषणातून आलेला रातांधळेपणा त्याने खरोखरच बरा होतो, तोही लवकर. घराण्यात चालत आलेल्या, दृष्टिपटल हळूहळू निकामी करणाऱ्या रेटिनायटिस पिगमेंटोसाचे तसे नाही. तिथे सहसा अ-जीवनसत्त्वाचा तुटवडा नसतो. बऱ्याच रुग्णांत पाहण्यासाठी लागणारे प्रथिन तयार होते, पण जागेवर पोहोचत नाही.

मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशीत प्रथिने बनतात आतल्या खंडात आणि उजेड टिपतो बाहेरचा खंड. बाहेर एकावर एक रचलेल्या हजारएक चकत्या असतात, पण प्रथिन बनवण्याची सोय नसते. दोन्ही खंडांना जोडणारा दांडा जेमतेम ०.३ मायक्रॉन जाड. रोज टोकाच्या सुमारे एक दशांश चकत्या झडतात, मागचा रंजकथर त्या गिळतो आणि बुडाशी तेवढ्याच नव्या घडतात. एका पेशीत रोडॉप्सिनचे, म्हणजे उजेड टिपणाऱ्या प्रथिनाचे, १० कोटी रेणू धरले, तर सेकंदाला शंभरावर रेणू त्या दांड्यातून अहोरात्र जायला हवेत. आमच्या इंदूरच्या सराफ्यातली रात्रीची गर्दी त्यापुढे काहीच नाही!

रोडॉप्सिन ही ३४८ अमिनो आम्लांची साखळी. कुठे जायचे याचा पत्ता तिच्या शेपटीच्या शेवटच्या चार-पाच आम्लांत असतो. ३४७व्या जागी प्रोलीन या आम्लाऐवजी ल्युसीन आले की साखळीची घडी नीट बसते, उजेडही टिपता येतो, पण रेणू आतल्या खंडात भलतीकडेच साचतात आणि पेशी हळूहळू मरते. २३व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन आले (हा बदल १९९० साली सापडला) तर घडीच बिघडते आणि प्रथिन बनल्या ठिकाणीच अडकते.

कधी रोडॉप्सिन निर्दोष असते आणि दोष दांड्यातल्या प्रथिनांत असतो. असे एक प्रथिन बनवणारे आरपीजीआर हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, म्हणून त्याचा आजार मुलग्यांना आईकडून येतो आणि मुलींपेक्षा जास्त छळतो. तसलाच दांडा मूत्रपिंडासह शरीरातल्या अनेक पेशींना असतो. मुलाला रात्री दिसत नाही, हातापायाला सहावे बोट आहे, वजनही वाढते आहे, अशा वेळी बार्डेट-बीडल आजाराची शंका घेऊन मूत्रपिंडेही तपासावीत. ऐकूही कमी येत असेल तर अशर आजार आठवावा. आपल्याकडे मामेबहिणीशी लग्ने अजून होतात, तेव्हा डॉक्टरांना नात्यातल्या लग्नांची माहिती आपण होऊन द्यावी.

दृष्टिपटलावर काळे डाग दिसण्याआधीच ईआरजी या, दृष्टिपटलाचे विद्युत संकेत मोजणाऱ्या तपासणीत दंडपेशींचा प्रतिसाद घटलेला आढळू शकतो. पुढची पायरी जनुक तपासणी. ‘उपाय नाही तर तपासून काय करायचे?’ हा प्रश्न आता जुना झाला. आरपीई६५ जनुकातल्या दोषावरच्या जनुकोपचाराला अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली, पण तो त्या एकाच जनुकापुरता आहे.

गोळ्यांबद्दल मात्र स्पष्ट बजावायला हवे होते. जादा अ-जीवनसत्त्व यकृताला आणि गर्भाला घातक असते. एबीसीए४ जनुकात दोष असेल तर त्याने दृष्टिपटलातला विषारी कचराच वाढण्याची भीती. पुरवणीच्या पुढच्या अंकात एवढी सूचना तरी ठळक छापावी, ही विनंती.

आपले,
नेत्रविज्ञानाचे दोन शिक्षक,
रामबाग, इंदूर