सुन्या, प्रमोशन हुकलं त्यावरून

प्रिय सुन्या,

तुझा मेसेज वाचला, लय तापलेला दिसून रायला. फोनच केला असता, पण इकडं दारव्ह्याकडं दोन दिवसापासून लाईन येते न जाते, तिच्यासोबत टॉवरही झोपते, म्हणून छतावर बसून लिहून रायलो.

सगळ्यात जास्त कोड मी लिहिला, तरी प्रमोशन नाही, म्हणतोस. लिहिला असशील बे, मी कुठं नाही म्हणतो. पण मागच्या वर्षी माझं काय झालं ते तुले सांगितलंच नाही, लाज वाटत होती. आमची बिलिंगची जुनी सर्विस, तिचा रात्रीचा जॉब, म्हणजे रात्री आपोआप चालणारं काम, दर महिन्याच्या 1 तारखेले अडकायचा. मी तीन आठवडे खपून नवीन डिझाईन केलं, 22 पानांचं डॉक्युमेंट, अन् डायरेक्ट मीटिंगमधे टाकलं. अर्ध्या तासात भुगा. मले वाटलं, राजकारण. मग आमच्या सिनियर मॅडम म्हणल्या, "1 तारखेला रात्री 2 वाजता कोण उठतं, माहीत आहे का तुला?"

नव्हतं माहीत. डेटाबेसवाल्या टीमचा एक पोरगा उठून हातानं लॉक सोडवायचा, म्हणजे अडकलेलं टेबल मोकळं करायचा, अन् माझ्या डिझाईननं त्याचंच काम डबल होत होतं. त्याले फोन लावला, दीड तास बोललो, त्यातला अर्धा तास त्याच्या पोरीच्या तापावरच गेला. शेवटी तो म्हणे, तुमच्या कोडमधे काहीच नाही, रिपोर्टवाल्यांची मोठी क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची मागणी, त्याच वेळेले तेच टेबल धरून बसते. क्वेरी रेप्लिकावर, म्हणजे डेटाबेसच्या दुसऱ्या कॉपीवर, वळवली, चार ओळीचा बदल, झालं. रिपोर्टवाले अन् आम्ही एकाच मजल्यावर होतो गड्या, पण मॅनेजर वेगळे, म्हणून कधी बोलणंच नाही! मेल्विन कॉन्वेनं 1968 मधेच लिहून ठेवलं होतं की संस्थेत बोलणं जसं चालते तसाच तिच्या सिस्टीमचा आराखडा निघते. कॉलेजात हे कोणी सांगितलं नाही, का सांगितलं असेल अन् आपण कँटीनमधे असू.

बाबांना हे सांगितलं तर ते हसतच बसले. पांदण रस्त्याचा विषय 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत काढायच्या आधी ते आठही वावरवाल्यांकडं चहा पिऊन आलते, अन् ज्याच्या कपाशीच्या दोन ओळी रस्त्यात जातात त्याच्याकडं सगळ्यात पहिले. सभेत मग पाच मिनिटं लागली. याले मी लहानपणी पुढारीपणा म्हणायचो.

तुझं प्रमोशन तुझा मॅनेजर एकटा ठरवते असं वाटते का तुले? बहुतेक ठिकाणी चार-पाच मॅनेजर एका खोलीत बसून आपापल्या माणसांची बाजू मांडतात, अन् तिथं तुझ्यासाठी बोलायले त्याच्याजवळ काय होतं? तू कोणता बग कसा काढला हे त्याले तू कधी सांगितलं? महिन्याले पाच ओळी लिहून पाठवत जा, चमचेगिरी नाही ती. अन् एवढं करून बी त्याले तुझी किंमत नसेल तर मंग खुशाल कंपनी बदल, तिथं मी तुले थांब म्हणणार नाही.

पोळ्याले येतो म्हणालतास, तिकीट काढलं का? सर्ज्याच्या शिंगाले हिंगूळ यंदा तूच लावजो. मागच्या वर्षी मी लावला तर त्यानं मलेच रंगवून सोडलं.

तुझा,
पक्या