ज्युलियस ईस्टमन यांचे संगीत शोधून काढणाऱ्या मेरी जेन लीच यांस

आदरणीय मेरी जेन लीच यांस,
सादर नमस्कार.

आपण स्वतः संगीतकार असूनही दुसऱ्या एका संगीतकाराचे हरवलेले कागद आणि टेप शोधण्यात कित्येक वर्षे घातलीत, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते संगीतकार म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीय ज्युलियस ईस्टमन. ते १९९० साली बफलो येथे वारले आणि त्यांच्या निधनाची बातमी छापून यायला सुमारे आठ महिने लागले. न्यूयॉर्कमधल्या घरातून त्यांना बाहेर काढण्यात आले तेव्हाच त्यांचे पुष्कळसे नोटेशन सामानाबरोबर गेले होते. १९९८ मध्ये वर्गात शिकवण्यासाठी आपल्याला त्यांची जोन ऑफ आर्कवरील, दहा चेलोंची (व्हायोलिनच्या जातीचे मोठे वाद्य) एक रचना हवी होती. त्या निमित्ताने सुरू झालेला शोध २००५ मध्ये त्यांच्या संगीताच्या तीन सीडींच्या संचापर्यंत पोहोचला. खुद्द त्या रचनेचे पूर्ण नोटेशन मिळाले नाही, पण ध्वनिमुद्रण मिळाले, आणि पुढे चेलोवादक क्लॅरिस जेन्सन यांनी ते ऐकून सगळे सूर कागदावर उतरवले.

त्याच संचात जोन ऑफ आर्कवरील त्या रचनेची प्रस्तावना आहे आणि माझे आभार विशेषतः तिच्यासाठी आहेत. जोन ही पंधराव्या शतकातली फ्रेंच तरुणी; तिला संतांचे आवाज ऐकू येत आणि पुढे तिच्यावर खटला चालला. ईस्टमन ती एकटे गातात, कोणतेही वाद्य साथीला नाही. संत मायकेल म्हणाले, संत मार्गारेट म्हणाल्या, संत कॅथरीन म्हणाल्या, एवढेच शब्द खाली उतरणाऱ्या मोजक्या सुरांत पुन्हा पुन्हा येतात. कोण म्हणाले हे कळते, काय म्हणाले हे मात्र कितीतरी वेळ कळत नाही. साक्षीदाराला तोच प्रश्न वारंवार विचारावा आणि त्याने जबानी तसूभरही बदलू नये, तसा तो आवाज ठाम राहतो. मग निरोप येतो : जोन, ते तुला प्रश्न विचारतील तेव्हा बेधडक बोल. हा निरोप पहिल्याच ओळीत सांगितला असता, तर तो उपदेश वाटला असता.

स्वतःच्या रचनापद्धतीला ईस्टमन ‘सेंद्रिय संगीत’ म्हणत. प्रत्येक नव्या भागात आधीच्या भागांतले काही ना काही शिल्लक ठेवायचे, वर नव्याची भर घालायची आणि जुने हळूहळू सोडत जायचे, अशी ती रीत. हे ऐकल्यानंतर कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकार ग्लेन लायगन यांची १९९० च्या सुमाराची चित्रे मला अधिक नीट पाहता आली. कृष्णवर्णीय लेखिका झोरा नील हर्स्टन यांच्या १९२८ च्या निबंधातले, गोऱ्या पार्श्वभूमीवर आपले काळेपण सर्वाधिक जाणवते अशा आशयाचे वाक्य त्यांनी दाराएवढ्या उभ्या पृष्ठभागावर स्टेन्सिलने (अक्षरांच्या कापलेल्या साच्याने), काळ्या ऑइलस्टिकने (तैलरंगाच्या कांडीने), वरपासून खालपर्यंत परत परत लिहिले आहे. स्टेन्सिलला चिकटलेला रंग पुढच्या अक्षरावर उतरतो, त्या अक्षराचा त्याच्या पुढच्यावर, आणि तळाशी पोहोचेपर्यंत वाक्य वाचता येईनासे होते. दोघांकडेही मागचे पुढच्यात उरतेच. लायगन यांच्याकडे त्या उरण्याने शब्द बुडतात, ईस्टमन यांच्याकडे ते वर येतात. अशा कलेला ‘एकसुरी’ म्हणून मोकळे होणाऱ्यांशी (असे जाणकार सगळीकडेच भेटतात) वाद घालण्यापेक्षा मी आता त्यांना ही प्रस्तावना ऐकवतो.

आणखी एका गोष्टीसाठी आपले ऋण मानतो. जानेवारी १९८० मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ईस्टमन यांच्या चार पियानोंच्या तीन रचना सादर झाल्या. त्यांपैकी दोन रचनांच्या शीर्षकांत कृष्णवर्णीयांना दिली जाणारी शिवी होती. तेथील काही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आणि एका प्राध्यापकांनी आक्षेप घेतला, आणि तो अनाठायी नव्हता. कार्यक्रमपत्रिकेत शीर्षके छापली गेली नाहीत. तेव्हा वादनाआधी ईस्टमन स्वतः श्रोत्यांशी बोलले. ज्यांच्या श्रमावर अमेरिकेची अर्थव्यवस्था उभी राहिली ते शेतांवर राबणारे गुलाम त्या शब्दात आपल्याला दिसतात, आणि जे मुळाशी आहे, वरवरचे नाही, त्यासाठी आपण तो वापरतो, असे त्यांनी शांतपणे सांगितले. हा खुलासा सर्वांना पटेलच असे नाही; मलाही तो प्रत्येक वेळी पटतोच असे नाही. पण केवळ पियानो ठेवून ते भाषण गाळणे सोपे असताना संचात ते संगीताबरोबरच आहे, आणि म्हणून शीर्षकांविषयी मत बनवण्यापूर्वी खुद्द ईस्टमन यांचे म्हणणे त्यांच्याच आवाजात ऐकता येते. त्याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
एक मराठी श्रोता