बोनिफासिओ फक्त पुतळ्यात नको

संपादक महोदय,

फिलिपिन्समध्ये ३० नोव्हेंबरला सार्वजनिक सुट्टी असते. आंद्रेस बोनिफासिओ यांचा तो जन्मदिवस. मनिलाच्या तोंदो या कष्टकरी वस्तीत १८६३ मध्ये जन्मलेला हा माणूस आईवडिलांमागे भावंडांना पोसण्यासाठी हातकाठ्या आणि कागदी पंखे विकत असे. पुढे गोदामात नोकरी करताना १८९२ मध्ये त्याने ‘कातिपुनान’ ही गुप्त संघटना उभारली आणि चार वर्षांनी स्पेनविरुद्ध उठावाची हाक दिली.

पण त्याचा जीव स्पेनने घेतला नाही. मार्च १८९७ मध्ये क्रांतिकारकांच्या तेहेरोस इथल्या सभेत नव्या सरकारच्या गृहखात्यावर त्याची निवड झाली, तेव्हा वकिलीची पदवी नसलेला माणूस या पदावर कसा, अशी हरकत घेतली गेली. मे महिन्यात त्या सरकारचे प्रमुख एमिलिओ आगिनाल्दो यांच्या क्रांतिसरकारनेच त्याला गोळ्या घातल्या. ही जखम मला आजही ओली वाटते. पदवीवाल्यांचे राज्य आणि राबणाऱ्यांचे हाल हा तिथला झगडा अजून संपलेला नाही. म्हणूनच कामगार संघटना दरवर्षी याच दिवशी वेतनवाढीसाठी मोर्चे काढतात, आणि २०२५ मध्ये पूरनियंत्रणाच्या कामांतील भ्रष्टाचाराविरुद्ध लोक याच तारखेला मनिलाच्या रस्त्यांवर उतरले.

त्याच मनिला महानगरात काचेच्या मनोऱ्यांच्या एका श्रीमंत व्यापारी वसाहतीलाही बोनिफासिओंचे नाव आहे. तिथे झाडलोट करणाऱ्या, पहारा देणाऱ्या माणसांचा त्या नावावर पहिला हक्क आहे, असे मला मनापासून वाटते.

– एक वाचक, पुणे