लोदच्या काकांना, बदामांबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

पुस्तक परवा छापून हातात पडलं आणि मी आधी उघडलं ते बदामांचं पान. ऋणनिर्देशात नाव घालू द्यायला तुम्ही साफ नकार दिलात, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितेय. इस्रायलमधल्या लोदमध्ये मराठी बोलणारे काका काही तुम्ही एकटेच नाही, तेव्हा काळजी नसावी.

ज्यू धर्मशास्त्राच्या इतिहासावरचं एक इंग्रजी पुस्तक मराठीत आणायचं काम मी घेतलं, तेव्हा मला हिब्रूचं अक्षरही येत नव्हतं. ‘शुल्हान आरुख’ म्हणजे ‘मांडलेलं मेज’, योसेफ कारोंनी ते गॅलिलीतल्या त्सफात गावी लिहिलं, १५६५ मध्ये व्हेनिसला छापलं गेलं आणि ज्यूंचा कायदा कायमचा ठरून गेला, असं मी बिनधास्त ठोकून दिलं होतं. ज्यूंना मांस आणि दूध एकत्र चालत नाही, त्याबद्दल त्याच प्रकरणात एक उतारा होता. बदामाच्या दुधात मांस शिजवलं, तर शेजारी बदाम ठेवावेत, म्हणजे पाहणाऱ्याला ते जनावराचं दूध वाटणार नाही. मी लिहिलं, ‘कारो म्हणतात’.

तुम्ही कच्चा मजकूर वाचलात आणि रात्री फोन केलात. “अगं, त्सफातच्या माणसाच्या तोंडी क्राकोवची रीत घातलीस!”

दुसऱ्या दिवशी तुम्ही ‘योरे देआ’चा, म्हणजे ‘शुल्हान आरुख’च्या खाण्यापिण्याचे नियम असलेल्या भागाचा, जाडजूड खंड कॅमेऱ्यासमोर धरलात. कलम ८७. मधोमध ठळक, चौकोनी अक्षरांत कारो. त्यांच्या ओळींमध्येच घुसलेली बारीक, गोलसर राशी लिपी म्हणजे पोलंडमधल्या क्राकोवचे मोशे इस्सर्लिस, लघुनाव रमा. (मला ही कोणी बाई वाटली होती, हे आता कबूल करते.) कारोंच्या मेजावर पोलंड-जर्मनीकडच्या रीती नव्हत्या, म्हणून रमांनी त्यावर कापड अंथरलं. त्यांच्या टिपांचं नावच ‘मापा’, मेजावरचं कापड. टीप सुरू होते तिथे एक हिब्रू शब्द छापलेला असतो. तो तुम्ही मोठ्याने वाचलात आणि आतून काकू ओरडल्या, “अहो, पोरीसमोर काय बोलताय!” मराठीत त्या शब्दाची खरंच सोय नाही.

माझ्या इंग्रजी उताऱ्यात दोघांचा मजकूर सलग होता. लिपीतला फरक गेला आणि त्यासोबत दुसरा माणूसही गेला.

मग तुम्ही बोट बाजूला सरकवलंत. ‘शुल्हान आरुख’वरची दोन भाष्यं, एका बाजूला ‘ताझ’, दुसऱ्या बाजूला ‘शाख’. दोन्ही भाष्यं १६४६ साली निघाली, आणि आता एकाच पानावर समोरासमोर बसून भांडतात. कोंबडीला बदाम लागत नाहीत, असं रमा म्हणतात. बाजूच्यांना ते इतकं सहज पटत नाही. मला एकदम आमचं कालनिर्णय आठवलं. त्यात स्मार्त एकादशी आणि भागवत एकादशी लागोपाठच्या चौकटींत असतात, आणि आजोबा धर्मसिंधु काढून बसत.

तुम्ही हसून म्हणालात, “आपलं कोकणी पोट मात्र कारोंच्या बाजूचं.” पेसाहच्या सणात कारो तांदूळ चालवतात, रमांच्या अश्केनाझी, म्हणजे पोलंड-जर्मनीकडच्या ज्यू लोकांत तो खात नाहीत. त्यानंतरचा अर्धा तास तुम्ही आणि काकू तांदळाच्या भाकरीवरच बोलत होतात. मी वही मिटून ठेवली होती.

आणखी एक गोष्ट तुमच्यामुळे समजली. बाराव्या शतकात रांबाम या धर्मपंडितांनी ‘मिश्ने तोरा’ हा कायद्याचा ग्रंथ लिहिताना आधार दिले नाहीत, म्हणून फ्रान्सच्या दक्षिणेतल्या राबाद या पंडितांनी त्यांना जागोजागी टोकलं. चारेकशे वर्षांनी ते आधार ज्यांनी शोधून दिले, त्यांत हेच कारो. आणि स्वतःचं ‘मेज’ मांडताना? त्यांनीही आधार दिले नाहीत. वीस वर्षं खपून लिहिलेल्या ‘बेत योसेफ’ या आधीच्या मोठ्या ग्रंथात सगळी चर्चा होती ना, हे तर त्याचं सार, महिन्याभरात एकदा वाचून व्हावं म्हणून तीस भागांत पाडलेलं. पुढे विल्नाच्या मोशे रिव्केसना ‘बेएर हागोला’त त्यांचे आधार शोधत बसावं लागलं. “शिंप्याच्याच सदऱ्याला बटणं नाहीत,” तुम्ही म्हणालात.

माझ्या मसुद्यातलं ‘कायमचा ठरून गेला’ तुम्ही खोडलंत, पण त्या जागी काय लिहायचं ते सांगितलं नाहीत. मी तीन दिवस चिडले होते. आता छापलंय ते असं: ‘इथून पुढचा वाद या पानावर सुरू झाला.’

सात महिने तुम्ही मला रविवारच्या रविवार वेळ दिलात, एक शेकेल घेतला नाहीत. एकदा शुक्रवारी संध्याकाळी मी वेंधळेपणाने पाच वेळा फोन केला होता, शब्बाथ (विश्रांतीचा दिवस, त्यात फोन घेत नाहीत) संपल्यावर तुमचाच आला, “काही अडलं का गं?” एवढाच.

प्रत टपालाने पाठवली आहे. बदाम पान १४२ वर आहेत, रमांच्या नावावर.

काकूंना सांगा, त्यांच्या पद्धतीने नारळाच्या दुधातलं मटण काल केलं. भांड्याशेजारी खोबऱ्याची वाटी ठेवली होती. आईने विचारलं, ही इथे कशाला? मी तिला क्राकोवपासून सांगायला लागले, तोवर तिने ती खवून कोशिंबिरीत घातली.

तुमची,
ठाण्याची विद्यार्थिनी