परवानगीच्या टेबलामागच्या सरांना

आदरणीय सर,

या पत्रात तुमचं नाव येणार नाही. निवृत्त होताना तुम्हीच तसं सांगितलं होतंत. पण आभार मात्र मला चारचौघांत मानायचे आहेत, कारण जुन्या वास्तूचे फोटो काढायची परवानगी कशी मागायची हे तुम्ही मला समजावलंत, आणि ते माहीत नसल्यामुळे कितीतरी फोटोग्राफर अर्ज हातात घेऊन या दारातून त्या दारात हिंडत असतात.

माझा पहिला अर्ज अडीच पानांचा होता. पहाटेचा उजेड मला का आवडतो, त्या दगडी कमानीने मला कसं वेड लावलं, माझे फोटो कुठे कुठे छापून आले, सगळं त्यात होतं. दुसऱ्या एका कार्यालयाने तो कारण न देता एका ओळीत परत पाठवला होता. तुम्ही फोन केलात. किती माणसं येणार? ट्रायपॉडचे पाय कुठे टेकणार? दिवे आणणार असाल तर वीज कुठून घेणार? पहाटे दार उघडायला रखवालदार लवकर येईल, त्याच्या जादा वेळेचे पैसे कोण देणार? फोटो पुढे कशासाठी वापरणार? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्या अडीच पानांत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "अर्ज वाचताना मला तुमचा फोटो दिसत नाही हो. तुम्ही निघून गेल्यानंतरची जागा दिसते."

दुसरा अर्ज एका पानात बसला. दोन माणसं, एक कॅमेरा, रबरी बूट लावलेला एक ट्रायपॉड, फ्लॅश नाही, दिवे नाहीत. सोबत नकाशा आणि त्यावर उभं राहायच्या तीन जागांच्या पेन्सिलीने केलेल्या खुणा. मुख्य तारखेखाली दोन राखीव तारखा लिहायलाही तुम्हीच लावलंत. नेमकं मुख्य तारखेला आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळला, आणि त्या एका ओळीमुळे मला पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं नाही.

पण खरा घोळ पुढेच होता. कमान तुमच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आणि तिच्यामागे दिसणारं पाणथळ संरक्षित क्षेत्र, म्हणजे फोटोची चौकट एक आणि धनी दोन. हे मला ठाऊकच नव्हतं. तुमची परवानगी हातात आली की काम झालं असं मी धरून चालले होते. पाणथळाचा अर्ज वेगळा, आणि तिथे विचारतात तेही वेगळं, हे तुम्ही तुमचं काम नसताना समजावून सांगितलंत. भारताच्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातलं २८वं कलम दाखवलंत. अभयारण्यात शिरायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक कोणकोणत्या कामांसाठी देऊ शकतो, त्या यादीत छायाचित्रण स्वतंत्रपणे लिहिलेलं आहे. ब्रिटनच्या १९८१च्या कायद्याचंही सांगितलंत, की तिथे विशेष संरक्षण असलेल्या पक्ष्याला घरट्यापाशी फोटोसाठी त्रास होणार असेल, तर आधी परवाना काढावा लागतो. ड्रोनचा विचार तर मी त्याच दिवशी सोडून दिला. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांनी २०१४ पासून ड्रोन उडवणं आणि उतरवणं बंद केलं आहे. वरच्या आकाशाचा कारभार मात्र विमान वाहतुकीच्या वेगळ्या यंत्रणेकडे आहे. तिथेही धनी दोन.

पाणथळाकडून उत्तर आलं की मी मागितलेल्या दिवसांत पक्षी अंड्यांवर बसलेले असतात, सात आठवडे थांबा. मला फार वाईट वाटलं होतं. मनातला उजेड त्याच दिवसांतला होता. तुम्ही शांतपणे सांगितलंत की माणूस जवळ गेला की पाखरू उठतं आणि ते परत येईपर्यंत अंडी उघडी पडतात. मग मी थांबले. सात आठवड्यांनी गेले तेव्हा सूर्य दुसऱ्याच बाजूने वर येत होता आणि कमानीच्या आतल्या बाजूवर उजेड पडला होता. त्या बाजूचं कोरीवकाम मी त्याआधी नीट पाहिलंच नव्हतं.

फोटो काढायची परवानगी आणि तो वापरायची परवानगी या दोन गोष्टी आहेत, हेही तुमच्याकडूनच कळलं. आयफेल टॉवरचं उदाहरण मी आता सगळ्यांना सांगते. दिवसा टिपलेला टॉवर कुणीही छापावा, पण रात्रीच्या रोषणाईवर हक्क राखलेला आहे, त्यामुळे तो फोटो धंद्यासाठी वापरायचा तर टॉवर चालवणाऱ्या संस्थेला विचारावं लागतं. इटलीत २००४च्या सांस्कृतिक वारसा संहितेप्रमाणे सरकारी ताब्यातल्या वारशाच्या प्रतिमा व्यवसायासाठी वापरायच्या असतील तर परवानगी घ्यावी लागते आणि शुल्कही पडू शकतं, मग ती कलाकृती कितीही शतकं जुनी असो. हा नियम मला आजही पटत नाही. जे सगळ्यांचं आहे त्याच्या चित्रावर पहारा कशाला, असं मी तेव्हाही तुमच्याशी भांडले होते. तुम्ही माझ्याशी वाद घातला नाहीत. अर्जात 'दिनदर्शिका व प्रदर्शन' असं स्पष्ट लिहा, नंतर तिसरा वापर निघाला तर पुन्हा विचारा, एवढंच म्हणालात.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत नवा कायदा झाला तेव्हा तुमची फार आठवण आली. पूर्वी तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत व्यावसायिक चित्रीकरण म्हटलं की परवाना लागायचा. आता सहापेक्षा कमी माणसं असतील, हातात धरून नेता येईल एवढंच सामान असेल, जागा लोकांसाठी खुली असेल आणि तिथल्या कशालाही किंवा इतर पर्यटकांना त्रास होणार नसेल, तर परवाना नको आणि शुल्कही नको. पैसे मिळवणार का, हा प्रश्न मागे पडला आणि जागेवर भार किती पडणार, हा पुढे आला. पहिल्या फोनवर तुम्ही मला हेच विचारत होतात.

आतल्या दालनातली ती भिंत तुम्ही दिली नाहीत. बाकी सगळ्यावर सही केलीत आणि त्या एका ओळीवर काट मारलीत, कारण काही कुटुंबं आजही तिथे आपल्या पूर्वजांसाठी येतात. मी चिडले होते, हे तुमच्या लक्षात आलंच असणार. तेव्हा तुम्ही उलुरू नावाच्या प्रचंड खडकाबद्दल सांगितलंत. ऑस्ट्रेलियातली ती जमीन १९८५ मध्ये मूळ मालकांना, अनंगू लोकांना, परत मिळाली आणि २०१९ मध्ये त्या खडकावर चढणंही बंद झालं. त्याचे काही भाग टिपू नका अशी त्यांची विनंती आहे, कारण तिथल्या खडकाचे बारकावे त्यांच्यासाठी धर्मग्रंथासारखे आहेत आणि ते त्या जागीच पाहायचे असतात. शूटच्या दिवशी मी त्या दालनात गेले. कॅमेरा पिशवीतच ठेवला आणि अर्धा तास बसून राहिले. त्या अर्ध्या तासासाठीही तुमचे आभार.

परवानगीच्या अटींत तुम्ही शेवटी हाताने एक ओळ लिहिली होतीत: सर्व छायाचित्रांची एक प्रत कार्यालयाच्या नोंदीसाठी द्यावी. ती मी दिली. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात तुमचा फोन आला. तेव्हा तुम्ही अभिनंदन केलं नाहीत, फोटो आवडले असंही म्हणाला नाहीत. चौदाव्या फोटोची मूळ मोठी फाइल तेवढी मागितलीत. कमानीच्या डाव्या खांद्यावर एक बारीक भेग दिसत होती. जुन्या नोंदीतल्या फोटोत ती नव्हती, आणि संवर्धन विभागाला ती दाखवायची होती.

फाइल त्याच रात्री पाठवली होती. आता तिथे भेगेवर मोजपट्टी बसवली आहे. मागच्या महिन्यात मी ती पाहून आले.

आपली कृतज्ञ,
कमानीचे फोटो काढणारी